सेट नंतर घे, आधी माणसांत जाऊन बस

अगं, तुझा मेसेज वाचला आणि खूप बरं वाटलं. तू विचारलंयस की हॅम रेडिओ, म्हणजे छंद म्हणून लायसन्स घेऊन रेडिओवरून दुसऱ्यांशी बोलणं, सुरू करायचाय, ऑनलाइन तो बाओफेंगचा यूव्ही-५आर हँडसेट स्वस्तात दिसतोय, घेऊन टाकू का. नको घेऊस. अजून तरी नको. एक तर आपल्याकडे ट्रान्समिट करणारा सेट लायसन्सशिवाय नुसता घरात ठेवणं पण चालत नाही, वापरणं तर सोडच, आणि हे कागदोपत्री आहे म्हणून सोडून देण्यासारखं नाही, पहिल्याच पायरीला नियम मोडून आलेल्या माणसाला जुने हॅम जवळ करत नाहीत आणि ते बरोबरच आहे. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एकटीने सेट घेऊन भांडुपच्या घरात बसलीस, बटण दाबून हॅलो हॅलो केलंस तर कोणी उत्तर देणार नाही, कुठली फ्रिक्वेन्सी, रिपीटरचा, म्हणजे आपला सिग्नल घेऊन पुढे पाठवणाऱ्या स्टेशनचा, टोन काय, बोलायचं काय, कधी थांबायचं यातलं काहीच माहीत नसणार, मग महिन्याभरात तो सेट कपाटात जाणार. अशी बरीच मुलं मी बघितलीत. हुशार मुलं होती, पण माणसं भेटली नाहीत म्हणून छंद सुटला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की आधी क्लब गाठ. मुंबईत मुंबई अ‍ॅमॅच्युअर रेडिओ सोसायटी आहे, जेएनए वायरलेस असोसिएशन आहे, परीक्षेच्या तयारीचे वर्ग कधी, कुठे ते त्यांनाच थेट विचार, कारण या गोष्टी बदलत राहतात. बाकी पुस्तकातलं तुझं तू वाचू शकतेस, ओहमचा नियम तुला डिप्लोमाला झालाच असेल, पण वर्गाला जायचं ते त्यासाठी नाही. वर्ग सुटल्यावर खाली चहा पिताना जे बोलणं चालतं ना, त्यासाठी जायचं. तिथे जहाजावर रेडिओ ऑफिसर असलेले काका असतील, एखादी डॉक्टर असेल, टीव्ही रिपेअर करणारा असेल, कॉलेजातली पोरं असतील, आणि सगळे एकमेकांना नावापेक्षा कॉलसाईनने, म्हणजे लायसन्सबरोबर मिळणाऱ्या अक्षर-आकड्यांच्या ओळखीने, जास्त ओळखतात. पहिल्या दोन-तीन वेळा निम्मं डोक्यावरून जाईल. एसडब्ल्यूआर, क्यूआरएम, आयबॉल, शॅक, फाइव्ह-नाइन, सगळं एकदम कानावर आदळेल. जाऊ दे. वहीत लिहून घे आणि बिनधास्त विचार, हॅम लोकांना प्रश्न विचारला की ते खूश होतात, उलट मग थांबवणं अवघड जातं. आणि कोणी एक जण बघून ठेव जो घरी बोलावून शॅक, म्हणजे त्याची रेडिओची खोली, दाखवेल. शेजारी बसून एखाद्याला परदेशी स्टेशनशी बोलताना बघितलंस की अर्धा अभ्यास तिथेच होतो.

परीक्षेचं घाबरू नकोस. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची जी डब्ल्यूपीसी विंग आहे ती परीक्षा घेते, अर्ज ‘सरल संचार’ नावाच्या पोर्टलवर, आणि अर्ज भरायच्या दिवशी तिथले ताजे नियम स्वतः वाच, कोणाच्या तोंडी माहितीवर राहू नकोस, माझ्या पण नाही. वयाची अट १२ वर्षं, म्हणजे तुला प्रश्नच नाही. दोन ग्रेड आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेडला मोर्स, म्हणजे डॉट-डॅशची भाषा, लागत नाही, एक भाग रेडिओ थिअरी आणि एक भाग नियम, दोन्हीत किमान ४० टक्के आणि एकूण ५०, पास झालीस की व्हीयू३ ने सुरू होणारी कॉलसाईन. जनरलला प्रत्येक भागात ५०, एकूण ५५ आणि वर मोर्स मिनिटाला ८ शब्द, ऐकून लिहिणं पण आणि पाठवणं पण, मग व्हीयू२. वायरलेस मॉनिटरिंग स्टेशन आपल्याकडे बोरिवलीला गोराई रोडवर आहे, पण परीक्षेची जागा तुला आलेल्या सूचनेत बघ.

सगळे सांगतात आधी रिस्ट्रिक्टेड दे, नंतर बघू. मी उलटं सांगेन, निदान मोर्स शिकायला तरी आत्ताच लाग, परीक्षा कुठलीही दे. कारण ८ शब्द म्हणजे फार नाही आणि तुझ्या वयात कान पटकन तयार होतो. फक्त तो डॉट-डॅशचा तक्ता पाठ करत बसू नकोस, ती वाट चुकीची. कागदावरचे ठिपके आणि रेघा डोळ्यात बसल्या की मग ऐकताना मनातल्या मनात मोजायची सवय लागते आणि वेग वाढतच नाही. आवाज म्हणूनच शीक, डा-डि-डा-डिट ऐकलं की सी, डा-डा-डि-डा ऐकलं की क्यू, मध्ये मोजणं नाही. रोज पंधरा मिनिटं, लोकलमध्ये इयरफोन लावून पण होतं.

परीक्षा झाल्यावर लायसन्स हातात पडेपर्यंत वाट बघावी लागते, पडताळणी वगैरे असते, आणि या काळात बरेच जण थंड पडतात. तू तो काळ ऐकण्यात घाल. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे युनिव्हर्सिटीचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरचा रेडिओ रिसीव्हर, आहे, ब्राउझरमध्ये उघडतो, ० ते २९ मेगाहर्ट्झ सगळं ऐकता येतं, एक रुपया खर्च नाही. तिथे ४० मीटरचा बँड, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या फ्रिक्वेन्सी, दिवसा ऐक आणि त्यांच्याकडची रात्र झाली की परत ऐक. दिवसा जवळची स्टेशनं, रात्री अचानक दुसऱ्या खंडातली. दिवसा सूर्यामुळे वातावरणात वर डी लेयर तयार होतो, तो हे सिग्नल शोषतो, अंधार पडला की तो विरतो आणि सिग्नल आणखी वरच्या एफ लेयरला आपटून लांब जातात. पुस्तकात हे दोन ओळींचं असतं, पण स्वतःच्या कानाने बँड उघडताना ऐकलास की आयुष्यात विसरणार नाहीस.

आणि ४० मीटरचं म्हणशील तर मुंबईकराने एक गोष्ट माहीत ठेवायलाच हवी. १९४२ च्या ऑगस्टमध्ये याच शहरात उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी काँग्रेस रेडिओ हे स्वातंत्र्यलढ्याचं गुप्त रेडिओ केंद्र चालवलं, उषाताई तेव्हा २२ वर्षांच्या होत्या. प्रसारण ४२.३४ मीटरवर व्हायचं. ३०० ला ४२.३४ ने भाग, साधारण ७.०९ मेगाहर्ट्झ येतं, आणि आज आपला ४० मीटरचा बँड ७.० ते ७.२ आहे! म्हणजे तू लायसन्स घेऊन जिथे सीक्यू, म्हणजे ‘कोणी आहे का’ अशी हाक, देशील तिथेच ते लोक बोलायचे. पोलीस सिग्नलचा माग काढत यायचे म्हणून ट्रान्समीटर सारखा या घरातून त्या घरात हलवायला लागायचा, शेवटी नोव्हेंबरमध्ये पकडले गेले. हे सांगताना अजून अंगावर काटा येतो माझ्या.

तो माग काढायचा प्रकार आज क्लबमध्ये खेळ म्हणून चालतो, फॉक्स हंट म्हणतात. कोणीतरी छोटा ट्रान्समीटर लपवतो, बाकीचे शोधतात. लायसन्स नसलं तरी नुसतं ऐकायचं असल्यामुळे तुला टीमबरोबर जाता येईल, नक्की जा, कारण अँटेना म्हणजे काय हे यातून जितकं कळतं तितकं कशातून कळत नाही. मोजायच्या स्टीलच्या टेपचे तुकडे कापून पीव्हीसी पाइपवर बसवले की तीन एलिमेंटची यागी, म्हणजे एका दिशेचा सिग्नल जास्त पकडणारी अँटेना, तयार होते, ती फिरवत जायचं, जिकडे जोर जास्त तिकडे चालायचं. जवळ गेलं की सिग्नल इतका जोरात येतो की सगळ्या दिशा सारख्याच वाटतात, तेव्हा सेट छातीशी धरून स्वतःभोवती फिरायचं, सिग्नल सगळ्यात कमी झाला की फॉक्स पाठीमागे. मुंबईत वर टॉवरच्या भिंतींवरून सिग्नल उलटून येतो आणि भलत्याच गल्लीत नेतो. म्हणून एका ठिकाणच्या दिशेवर विश्वास ठेवायचा नाही, दोन-तीन जागांवरून बघायचं.

दुसरं ऐकण्यासारखं म्हणजे स्पेस स्टेशन, डोक्यावरून जातं तेव्हा १४५.८०० मेगाहर्ट्झवर. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला वर होते तेव्हा हॅम रेडिओवरून आपल्या विद्यार्थ्यांशी बोलले, ते तू बातम्यांत बघितलं असशीलच. आपल्या इस्रोने २००५ मध्ये पीएसएलव्ही-सी६ वरून हॅमसॅट नावाचा खास हॅम लोकांसाठीचा उपग्रह सोडला होता, तो २०१४ पर्यंत चालला. स्पेस स्टेशन पहिल्यांदा ऐकताना क्लबमधल्या कोणाच्या तरी गच्चीवर जा, एकटी धडपडू नकोस, एक पास, म्हणजे ते एकदा डोक्यावरून जाणं, साधारण दहा मिनिटांचा असतो आणि सेटिंग करण्यातच निघून जातो.

आता खर्चाचं. या काळात लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जा, पण सेटसाठी नाही. बरा मल्टीमीटर, सोल्डरिंग आयर्न, थोडी केबल, केबलच्या टोकाला लावायचे पीएल-२५९ कनेक्टर, बस. कनेक्टर सोल्डर करायला शीक, हात बसेपर्यंत कर, नंतर जे बंद पडतं त्यातलं बरंचसं कनेक्टरमुळेच. हैदराबादच्या अशर फरहान यांनी, त्यांची कॉलसाईन व्हीयू२ईएसई, बिटेक्स नावाचं साध्या, सहज मिळणाऱ्या पार्टमधून करता येणारं एचएफ, म्हणजे ४० मीटरसारख्या लांब पल्ल्याच्या बँडचं, सर्किट काढलं, ते जगभर लोकांनी बनवलं. लायसन्स आल्यावर तुझा पहिला एचएफ सेट विकत घेतलेला नसून असा स्वतः जोडलेला असावा असं मला फार वाटतं. याएसू किंवा आयकॉम कंपनीचा महागडा सेट नंतर कधीही घेता येतो.

आणि सोसायटी. हा आपल्या मुंबईचा खरा डोकेदुखीचा विषय. गच्चीवर अँटेना म्हटलं की सेक्रेटरीला मोबाईल टॉवर आठवतो, रेडिएशन, टीव्ही खराब होईल, गच्ची गळेल, सगळं निघतं. भांडू नकोस. लायसन्सची कॉपी जोडून साधा अर्ज दे, मीटिंगला क्लबमधल्या एखाद्या वयस्क माणसाला घेऊन जा, आणि सुरुवात छोट्या गोष्टीने कर. २ मीटर बँडची, म्हणजे हँडसेट चालतो त्या १४५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या बँडची, ग्राउंड प्लेन अँटेना असते तिचा उभा भाग जेमतेम अर्धा मीटर, ती कोणाच्या डोळ्यावर येत नाही. ४० मीटरचा डायपोल, म्हणजे मधून केबल जोडलेली तारेची अँटेना, मात्र एकूण २० मीटरची तार आहे, दोन्हीकडे दहा-दहा, पण बारीक तार असली की खालून दिसत पण नाही. हा डायपोल फार उंच नाही बांधला तरी सिग्नल जवळजवळ सरळ वर जाऊन खाली उतरतो आणि दिवसा पुणे-नाशिक छान मिळतं, तेच २ मीटरवर हँडसेटने मध्ये सह्याद्री उभा, डोंगरावरचा रिपीटर लागतो. पावसाळ्याआधी बाहेरचा प्रत्येक जोड रबर टेपने नीट गुंडाळ, केबलमध्ये पाणी शिरलं की ती केबल गेलीच समज, आणि जून आणि ऑक्टोबरात वीज कडाडायला लागली की अँटेना सेटपासून काढून टाक, बोलणं अर्ध्यात राहिलं तरी चालेल.

तू लिहिलंयस की तुला आपत्तीत मदत करायची म्हणून हॅम व्हायचंय. मला हे फार आवडलं. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद, व्हीयू२आरबीआय, अंदमानला पोर्ट ब्लेअरहून जगभरच्या हॅमशी बोलायला म्हणून गेल्या होत्या, २६ तारखेला त्सुनामी आली, फोन बंद, आणि तोच सेट, तीच अँटेना निरोप द्यायच्या कामाला लागली. त्यांना जमलं कारण त्या आधी कितीतरी वर्षं रोज बँडवर होत्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मोबाईल कसे मेले होते ते तुझ्या आईला विचार. अशा दिवशी कॉलसाईन सांगणं, निरोप शब्द न शब्द लिहून घेणं, नेट कंट्रोलने, म्हणजे कोणी कधी बोलायचं ते ठरवणाऱ्या स्टेशनने, सांगितल्याशिवाय मध्ये न बोलणं, हे ऐन वेळी येत नाही. म्हणून क्लबचं साप्ताहिक नेट, म्हणजे ठरलेल्या वेळी सगळ्यांनी रेडिओवर जमणं, कंटाळवाणं वाटलं तरी लायसन्स आल्यापासून एकही चुकवू नकोस, हजेरी लाव, रिपोर्ट दे, लॉग लिही. पहिल्यांदा माईक धरल्यावर घसा कोरडा पडेल, सगळ्यांचाच पडतो. कॉलसाईन अल्फा-ब्राव्होच्या भाषेत, म्हणजे ए साठी अल्फा, बी साठी ब्राव्हो असं, सावकाश सांग, आणि बटण दाबल्यावर एक क्षण थांबून मग बोल, नाहीतर पहिलं अक्षरच कापलं जातं.

बाकी भेटल्यावर. क्लबला जाऊन आलीस की कळव. आणि तुमच्या गच्चीचे फोटो पाठव, पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोली दिसू दे, लिफ्टच्या मोटरची खरखर एचएफवर फार येते त्यामुळे तार तिथून लांब न्यावी लागेल. तुझ्या खिडकीपासून टाकीपर्यंत दोरी टाकून लांबी पण मोज. वीस मीटरच्या आसपास निघाली तर आरजी-५८ घेऊ नकोस, २ मीटर बँडवर निम्म्याहून जास्त पॉवर त्या केबलमध्येच जाईल, जाड आरजी-२१३ बघू.

७३ (हॅम लोकांच्या भाषेत शुभेच्छा),
काका