गावच्या घरी ब्रॉडबँड घ्यावं, एअरफायबर घ्यावं, की मोबाईलच्या रिचार्जवर भागवावं?

राजापूर तालुक्यातल्या गावच्या घरी कायमचं राहायला जाताय, तुमचं काम घरूनच, मुलगी आठवीत, सोबत आईवडील. तर नेट कुठलं घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. मी गुहागर तालुक्यात राहतो, कामही घरूनच करतो, आणि हे तिन्ही प्रकार माझे वापरून झालेत.

कंपन्यांच्या वेबसाइटवरचे प्लॅन मागाहून बघा. आधी वाडीतल्या चार घरी जा आणि विचारा, "गेल्या पावसात तुमची वायर तुटली तेव्हा जोडायला कोण आलं, आणि कितव्या दिवशी?"

वायर तुटणार हे धरूनच चाला. आमच्याकडे ती खांबांवरून, माडांच्या मधून येते. झावळ पडली, तुटली. रस्त्याच्या कामाला जेसीबी आला, तुटली. माझी पहिली जोडणी एका मोठ्या कंपनीची होती. स्पीड झकास, बिलही वेळच्या वेळी. एका जुलैत मोडेमवर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला, म्हणजे फायबरमधून प्रकाशच येत नव्हता. तक्रार केली. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, तक्रारीचं निवारण झालंय म्हणून. दिवा आपला लालच. असं तीनदा झालं. नवव्या दिवशी माणूस आला, भिजून चिंब. छत्री त्याने बाबांच्या हातात दिली, प्लास्टिकच्या पिशवीतून जोडायचं मशीन काढून पडवीच्या कठड्यावर ठेवलं, केसाएवढी काच सोलून पुसली आणि दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर धरली. बाबांचा चहा निवायच्या आत दिवा हिरवा. उशिराबद्दल विचारलं तर म्हणाला, "तीन तालुक्यांत मी एकटाच आहे, काका."

आता माझी जोडणी बाजारातल्या केबलवाल्याकडची आहे. कागदावर स्पीड आधीच्या निम्मा, पण त्याचा मुलगा फोन उचलतो आणि बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी येतो. बीएसएनएलचं फायबरही बऱ्याच गावांत असा स्थानिक माणूसच जोडून देतो, तेव्हा तिथेही तो माणूस कोण हे बघूनच ठरवा.

स्पीडचं म्हणाल तर लोक उगाच घाबरून मोठा आकडा घेतात. तुमच्या घरचाच हिशोब करू. तुमचा व्हिडिओ कॉल ४ एमबीपीएस धरा, मुलीचा क्लास एचडीत ५, आजोबांची मालिका टीव्हीवर ५. सगळं एकदम चाललं तरी १५ च्या आतबाहेर. ३० किंवा ४० चा प्लॅन तुम्हाला पुरून उरेल. कामासाठी बघायचा तो अपलोडचा स्पीड, म्हणजे आपल्याकडून पलीकडे जाणाऱ्याचा. मीटिंगमध्ये आपला आवाज तुटतो तो त्याच्यापायी. फायबरवर अपलोड बहुधा डाउनलोडच्या बरोबरीने मिळतो, मोबाईल आणि एअरफायबरवर बराच कमी. जाहिरातीतल्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, म्हणजे ५०० चे ५९० होतात. आणि सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले तर जोडणी फुकट, असं कोणी म्हणालं तर मोहात पडू नका. जोडणीचे पैसे द्या, पण पहिला पावसाळा महिन्या-महिन्याने काढा.

एअरफायबर म्हणजे छपरावर अँटेना लावून ५जीच्या टॉवरवरून आणलेलं घरचं नेट. एअरटेल आणि जिओ दोघांनीही ते २०२३ मध्ये सुरू केलं. सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर घर असेल, टॉवर समोर दिसत असेल, तर चांगलं चालतं. माझं घर खाली, मध्ये डोंगराची सोंड. दोन महिन्यांत काढून टाकलं. शिवाय गणपतीत चाकरमानी आले की तोच टॉवर सगळ्या गावाला वाटला जातो. घ्यायचंच असेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्या घरी रात्री नऊ वाजता जाऊन बघा, दुपारी नको. माकडांचा उपद्रव असेल तर अँटेना कुठे बसवणार तेही आधी ठरवा, कौलांवर धावणाऱ्या वानरांना ५जीचं कौतुक नसतं.

फायबर घेतलं तरी एक सिम दुसऱ्या कंपनीचं ठेवा, हॉटस्पॉटसाठी. यात एक मेख आहे. दोन कंपन्या पुष्कळदा एकाच टॉवरवर असतात, म्हणजे लाईट गेली, टॉवरची बॅटरी संपली, की दोघीही गप्प. म्हणून शेजाऱ्यांना रेंज किती दांड्या ते विचारण्यापेक्षा लाईट गेल्यावर किती तास टिकते ते विचारा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडकडे कितीतरी दिवस ना वीज होती ना फोन, तिथे कुठलाच प्लॅन उपयोगाचा नव्हता. पण रोजच्या तास-दोन तासांच्या खेळखंडोब्यावर राउटरचा छोटा यूपीएस पुरतो. अ‍ॅडाप्टरवर बहुतेक १२ व्होल्ट लिहिलेलं असतं, ते आणि अँपिअर बघून घ्या. मोडेम आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही तो लागेल. वीज कडाडायला लागली की मी प्लग उपटतो आणि नेट यूपीएसवर चालूच राहतं.

चिऱ्याच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय पलीकडे जात नाही. ओटीवर लावलेला राउटर माजघरात मेला समजा. तो घराच्या मध्यावर बसवा, आणि तुमच्या कामाच्या टेबलापर्यंत सरळ लॅनची वायर ओढून घ्या.

आईवडिलांचे रिचार्ज मात्र कमी करता येतील. घरात वायफाय आहे तर त्यांना रोजचे २ जीबी कशाला? ट्रायने, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, डिसेंबर २०२४ मध्ये नियम केला की कंपन्यांनी नुसत्या कॉल-एसएमएसचे रिचार्जही ठेवले पाहिजेत, ते मागून घ्या. फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू केलंत तर घरात रेंज नसतानाही कॉल लागेल. बाबांचा डेटा पूर्वी सकाळी अकरालाच संपायचा. शोध घेतला तर ‘शुभ सकाळ’चे व्हिडिओ पाच ग्रुपमधून आपोआप उतरत होते. सेटिंगमधलं एक बटण बंद केलं आणि प्लॅन वाढवायचं टळलं. तुमच्या हॉटस्पॉटच्या सिमचा हिशोबही करून ठेवा: २८ दिवसांचा रिचार्ज वर्षात १३ वेळा मारावा लागतो, म्हणून तुलना महिन्याशी नको, वर्षाशी करा. आणि मुंबईचा नंबर बदलायची गरज नाही. गावी त्या कंपनीला रेंज नसेल तर १९०० वर पोर्टचा एसएमएस पाठवा, नंबर तोच राहतो.

जोडणी मे महिन्यातच उरकून घ्या. पाऊस लागला की ओल्या खांबावर चढायला कोणी तयार होत नाही, आणि गणपतीच्या आठवडाभर आधी अख्ख्या गावाला एकदमच नेटची आठवण होते.