वाचकांचे प्रश्न : बिझीबी कोण होता?

प्रश्न : वडिलांच्या तोंडी सारखं ‘बिझीबी’ येतं. रोज लिहिणारा हा माणूस कोण? आणि रोज सुचायचं तरी कसं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : वडिलांना माझा नमस्कार सांगा, आमची जात एक! बिझीबी म्हणजे बेहराम कॉन्ट्रॅक्टर, मुंबईचे पारशी पत्रकार. त्यांचं ‘राउंड अँड अबाउट’ हे सदर आधी ‘इव्हिनिंग न्यूज’मध्ये, मग ‘मिड-डे’त आणि १९८५ पासून त्यांच्याच ‘आफ्टरनून’मध्ये यायचं. २००१ मध्ये ते गेले.

मी तेव्हा फोर्टात बँकेत होतो. संध्याकाळी चर्चगेटला पेपर घ्यायचा आणि आधी शेवटचं पान उघडायचं. पहिल्या पानावरचं जग बोरिवलीपर्यंत थांबायला तयार असे.

सुचायचं कसं? अहो, विषय शोधायला ते लांब जातच नसत. पाऊस, बेस्टची बस, इराण्याकडचा चहा, क्रिकेट. सदरात बायको, दोन मुलगे आणि बोल्शॉय नावाचा बोलका बॉक्सर कुत्रा. बराच काळ गृहस्थ स्वतः अविवाहितच होते, तरी हे कुटुंब कागदावर सुखाने नांदत होतं! मंत्र्यांना टोमणा मारायचा तर तो कुत्र्याच्या तोंडून, म्हणजे रागवायचं कुणावर?

इंग्रजी इतकं साधं की माझ्यासारख्या मराठी शाळेतल्यालाही शब्दकोश लागला नाही. वडिलांनी जुनी कात्रणं ठेवली असतील तर रद्दीत देऊ नका. माझी एकदा गेली, घर रंगवताना.