ड्रॅकॉनिक डिस्ट्रक्शन स्टार्टर डेक सुधारायचा आहे. एक हजार घालू, चार हजार की दहा हजार?

तुमचा प्रश्न असा: मॅजिक: द गॅदरिंगचा ‘ड्रॅकॉनिक डिस्ट्रक्शन’ हा कमांडर प्रकाराचा (एक प्रमुख कार्ड, म्हणजे कमांडर, आणि बाकी 99 कार्डं) स्टार्टर डेक घेतलाय, पहिल्या पाच-सहा टर्न नुसतं बघत बसावं लागतं, आणि ड्रॅगन उतरेपर्यंत समोरचे तिघं पुढे निघून गेलेले असतात. खिसा बघून किती पैसे घालावेत आणि कोणते नवे ड्रॅगन घ्यावेत?

पहिल्या हजारात एकही ड्रॅगन घेऊ नका. डिसेंबर 2022 मध्ये आलेल्या पाच स्टार्टर कमांडर डेकपैकी हा लाल-हिरवा. यात ड्रॅगनांची कमतरता नाही. कमी पडतो तो त्यांना वेळेत टेबलावर आणणारा माना, म्हणजे कार्ड खेळायला लागणारी ऊर्जा. आधी हिशेब बघा, म्हणजे पुढची खरेदी आपोआप ठरेल.

तुमची कमांडर अतार्का, वर्ल्ड रेंडर सात मानाची आहे. चौघांच्या डावात पहिल्या टर्नलाही सगळे कार्ड ओढतात. म्हणजे सातव्या टर्नपर्यंत तुम्ही 14 कार्डं पाहिलेली असतात. 99 पैकी 38 लँड (दर टर्नला एक टाकायची, माना देणारी कार्डं) असतील तर त्या 14 कार्डांत सरासरी साडेपाचच्या आतच लँड येतात. दर टर्नला लँड टाकत सातव्या टर्नला अतार्का उतरवायची, हा बेत सरासरी डावात जमतच नाही. नशीब वाईट म्हणून तुम्ही अडकत नाही, आकडेच तसे आहेत.

आता रॅम्पने, म्हणजे जादा माना देणाऱ्या कार्डांनी, काय फरक पडतो ते पाहा. दुसऱ्या टर्नला रॅम्पंट ग्रोथ टाकलंत की तीन लँड झाल्या. तिसऱ्या टर्नची लँड धरून चार, त्यात कल्टिव्हेट खेळलंत की पाच, शिवाय एक बेसिक (साधी, एका रंगाची) लँड हातात आली, म्हणजे पुढची टर्न सुकी जात नाही. चौथ्या टर्नला सहा, पाचव्याला सात, आणि अतार्का टेबलावर. दुसऱ्या टर्नला रॅम्प आणि तिसऱ्याला ड्रॅगनस्पीकर शमन आला तर आणखी लवकर: तो ड्रॅगन दोन मानाने स्वस्त करतो, म्हणून चौथ्या टर्नला पाच लँडवर अतार्का येते.

यासाठी दोन मानाचा रॅम्प दुसऱ्या टर्नच्या आत हातात यायला हवा. डेकमध्ये अशी चारच कार्डं असतील तर पहिल्या नऊ कार्डांत त्यातलं एक तरी दिसण्याची शक्यता साधारण 32 टक्के आहे. आठ असतील तर 55, दहा असतील तर 63. तीन-चार मानाचा रॅम्प यात धरू नका. तो वाईट नाही, पण तुमची दुसरी टर्न रिकामी जाते त्यावर तो उपाय नाही.

पैसे खर्च करण्याआधी डेक टेबलावर पसरा आणि ढीग करा: लँड, रॅम्प, कार्ड ओढणारी, समोरच्याचं काही नष्ट करणारी, ड्रॅगन, आणि बाकीचं. माझ्या मते या डेकसाठी पोहोचायचा आकडा असा: 38 लँड, 12 रॅम्प (त्यातले निदान आठ दोन मानाचे), 10 कार्ड ओढणारी, 9 नष्ट करणारी, 20 ड्रॅगन, 10 ड्रॅगनांना वेग, संरक्षण किंवा सवलत देणारी. बेरीज 99, वर कमांडर. वीस ड्रॅगनांत सात किंवा जास्त मानाचे पाच-सहाच ठेवा. काढायची कार्डं ‘बाकीचं’ या ढिगातून निघतील: ड्रॅगन नसलेले आणि ड्रॅगनांना मदतही न करणारे प्राणी, एकाच प्राण्याला चिकटवायची ऑरा, आणि सहा मानाचे पण ड्रॅगन नसलेले स्पेल. एक आत तर एक बाहेर. लँड काढून ड्रॅगन घालणं ही इथली सर्वात जास्त दिसणारी चूक आहे, आणि तिने डेक आहे त्याहून वाईट होतो.

हजार रुपये

हे पैसे जवळजवळ सगळे दोन मानाच्या रॅम्पवर घाला. डेकमध्ये जे आधीच आहे ते वगळून: रॅम्पंट ग्रोथ, फारसीक, नेचर्स लोअर, थ्री व्हिजिट्स, साकुरा-ट्राइब एल्डर, ग्रूल सिग्नेट, टॅलिसमन ऑफ इम्पल्स. यातली बरीचशी अनेकदा पुन्हा छापलेली, म्हणून स्वस्त. थ्री व्हिजिट्स परवडत नसेल तर सोडा, नेचर्स लोअर तेच काम करतं. फारसीक साधी फॉरेस्ट (हिरव्या मानाची लँड) शोधत नाही, हे ध्यानात ठेवा. माउंटन (लाल मानाची लँड) आणायला ते उत्तम.

रंगांचा तोल इथेच साधा. रॅम्प जवळपास सगळा हिरवा, ड्रॅगन बहुतेक लाल. म्हणून बेसिक लँडमध्ये फॉरेस्ट दोन-तीनने जास्त ठेवा आणि लाल रंग रॅम्पने ओढून आणा. उलटं केलंत तर हातात दोन माउंटन आणि तीन हिरवे रॅम्प घेऊन बसाल. ही अदलाबदल फुकट आहे.

उरलेल्या पैशांत ड्रॅगनलॉर्ड्स सर्व्हंट (एक मानाची सवलत), ड्रॅगनस्पीकर शमन आणि सॅव्हेज व्हेंटमॉ यातलं जे नसेल ते घ्या. व्हेंटमॉ ड्रॅगनच आहे, पण मी त्याला रॅम्पमध्ये धरतो: हल्ला करताच तीन लाल आणि तीन हिरवे माना देतो, आणि ते टर्न संपेपर्यंत टिकतात, म्हणजे लढाईनंतरच्या मुख्य फेजमध्ये वापरता येतात. सर्व्हंट आणि शमन मात्र रॅम्पच्या आठात मोजू नका. कुणी टेबल साफ करणारं कार्ड टाकलं की ते दोघे जातात. टेबलावर आलेली लँड सहसा जात नाही.

तीन ते चार हजार

वरचं सगळं करा, मग क्रमाने लँड, कार्ड ओढणं आणि संरक्षण.

टॅप होऊन (म्हणजे आल्या टर्नला माना न देता) येणारी आणि एक लाइफ देणारी लँड आधी बाहेर काढा. दुसऱ्या टर्नला ती आली की त्या टर्नचा रॅम्प बुडतो. तिच्या जागी सिंडर ग्लेड, रूटबाउंड क्रॅग, गेम ट्रेल, कार्प्लुसन फॉरेस्ट, स्पायर गार्डन. स्पायर गार्डन दोन किंवा जास्त प्रतिस्पर्धी असतील तर टॅप न होता येते, म्हणून चौघांच्या टेबलावर पहिल्या क्रमांकाची. सिंडर ग्लेडवर माउंटन आणि फॉरेस्ट हे दोन्ही प्रकार छापलेले आहेत, त्यामुळे नेचर्स लोअर आणि फारसीक दोन्ही तिला शोधू शकतात. फक्त टेबलावर दोन बेसिक असल्याशिवाय ती टॅप होऊन येते. बेसिक लँड वीसच्या खाली नेऊ नका, नाहीतर डाव लांबला की रॅम्पंट ग्रोथ आणि कल्टिव्हेटला आणायला काही उरत नाही.

कार्ड ओढण्यासाठी तुमच्या प्राण्यांच्या ताकदीचाच उपयोग करा. गॅरुक्स अपरायझिंग टेबलावर असताना चार किंवा जास्त ताकदीचा प्राणी आला की एक कार्ड, शिवाय तुमच्या सगळ्या प्राण्यांना ट्रॅम्पल (अडवणाऱ्याला मारून उरलेलं डॅमेज खेळाडूला). एलिमेंटल बाँडला तीन ताकद पुरते. रिटर्न ऑफ द वाइल्डस्पीकर पाच मानाला सर्वात ताकदवान बिगर-मानव प्राण्याइतकी कार्डं देतं. अतार्का असेल तर सहा, आणि तेही इन्स्टंट, म्हणजे कुणाच्याही टर्नला. रिश्कर्स एक्स्पर्टाइज सहा मानाला तेच करून वर पाच किंवा कमी मानाचा एक स्पेल फुकट खेळू देतं. एकच अडचण: टेबलावर मोठा प्राणी नसेल तर शेवटची दोन्ही निरुपयोगी. म्हणून दहाच्या दहा अशा प्रकारची घेऊ नका. हार्मोनाइझसारखी बिनशर्त तीन कार्डं देणारी दोन-तीन हवीतच.

संरक्षणाकडे या डेकमध्ये सर्वात जास्त लक्ष द्यायला हवं. कमांडर मेली की पुन्हा उतरवताना दर वेळी दोन माना जास्त लागतात: अतार्काला पुढच्या वेळी नऊ, मग अकरा. ती सहा/चारची आहे, चार डॅमेजमध्ये जाते. स्विफ्टफूट बूट्स आणि लाइटनिंग ग्रीव्ह्ज दोन्ही दोन मानाची, दोन्ही हेस्ट देतात. हेस्ट महत्त्वाचा, कारण उतरल्या टर्नलाच हल्ला झाला तर समोरच्यांना तिला मारायला पूर्ण फेरी मिळत नाही. त्याला जोड म्हणून हिरॉइक इंटरव्हेन्शन आणि ड्रॅगन टेम्पेस्ट. टेम्पेस्ट तुमच्या प्रत्येक नव्या उडणाऱ्या प्राण्याला हेस्ट देतं आणि नवा ड्रॅगन आला की तुमच्या ड्रॅगनांच्या संख्येइतकं डॅमेज करतं.

नष्ट करण्यासाठी बीस्ट विदिन आणि केऑस वॉर्प. दोन्ही कुठल्याही प्रकारच्या पर्मनंटवर, म्हणजे टेबलावर राहणाऱ्या कार्डावर, चालतात. ब्लॅस्फेमस ॲक्ट एकच ठेवा. ते तुमचे ड्रॅगनही मारतं, पण मागे पडल्यावर टेबल साफ करायचा यापेक्षा स्वस्त मार्ग लाल रंगात नाही.

दहा हजार किंवा जास्त

आता ड्रॅगन घ्या. अतार्काचा नियम पुन्हा वाचा: तुमचा कुठलाही ड्रॅगन हल्ला करतो तेव्हा त्याला डबल स्ट्राइक (एकाच हल्ल्यात दोनदा डॅमेज) मिळतो. ती स्वतः एका फटक्यात 12 कमांडर डॅमेज करते, म्हणजे दोन फटक्यांत 24, आणि खेळाडू बाद करायला एका कमांडरकडून लागतात 21. एकाच फटक्यात माणूस बाद करायचा तर तिची ताकद 11 हवी, म्हणजे पाच वाढवायची. झेनागोस, गॉड ऑफ रेव्हल्स दर लढाईच्या सुरुवातीला दुसऱ्या एका प्राण्याला त्याच्याच ताकदीइतकी वाढ आणि हेस्ट देतो. अतार्का 12 ची होते, डबल स्ट्राइकने 24. महागड्या कार्डांत मी सर्वात आधी हाच घेईन, कुठल्याही नव्या ड्रॅगनच्या आधी. मात्र झेनागोस प्राण्याला टार्गेट करतो आणि लाइटनिंग ग्रीव्ह्ज श्राउड देतं, ज्यामुळे तुम्हालाही तिला टार्गेट करता येत नाही. ग्रीव्ह्ज दुसऱ्या प्राण्याला घालून काढावं लागतं, आणि दुसरा प्राणी नसेल तर अडकलात. झेनागोस घेतलात की ग्रीव्ह्जऐवजी बूट्स ठेवा.

ड्रॅगनांत पसंतीचा क्रम: गोल्डस्पॅन ड्रॅगन (पाच माना, स्वतःचा हेस्ट, हल्ल्याला ट्रेझर, म्हणजे एकदा माना देणारं टोकन), टेरर ऑफ द पीक्स (तुमचा दुसरा प्राणी आला की त्याच्या ताकदीइतकं डॅमेज), लॅथलिस (टोकन नसलेल्या, म्हणजे डेकमधल्या कार्डाच्या, प्रत्येक नव्या ड्रॅगनमागे 5/5 चा एक टोकन ड्रॅगन), मग ओल्ड नॉबोन. पहिले दोघे पाच मानाचे आहेत म्हणून वर. सात मानाचा कितीही भारी ड्रॅगन तुमची मूळ अडचण वाढवतोच. उटवारा हेलकाइट आठ मानाचा, पण अतार्कासोबत इतका जोरकस की एक जागा त्याला द्यावी. लँडमध्ये स्टॉम्पिंग ग्राउंड घ्या. वुडेड फूटहिल्ससारख्या फेच लँडचा (स्वतः जाऊन डेकमधून दुसरी लँड आणणाऱ्या) दोन रंगांच्या डेकला फायदा किरकोळ. टायगा तर विसराच. ती पुन्हा न छापण्याच्या यादीत आहे आणि तिच्या किमतीत असे कितीतरी डेक येतील.

जुन्या याद्या बघून खरेदी करत असाल तर सांभाळा. डॉकसाइड एक्स्टॉर्शनिस्ट, ज्वेल्ड लोटस आणि माना क्रिप्ट यांच्यावर सप्टेंबर 2024 मध्ये कमांडरमध्ये बंदी आली. त्याआधीच्या कित्येक याद्यांत ती ठळकपणे दिसतात. फेब्रुवारी 2025 मध्ये खेळाच्या प्रकाशकांनी, विझार्ड्सने, डेकच्या ताकदीचे पाच ब्रॅकेट आणले, त्यात तेव्हा साधे तयार डेक दुसऱ्या पायरीवर होते. तुमचे सोबती तयार डेकच खेळत असतील तर चार हजारांवर थांबा. तिघांकडे मूळ डेक आणि तुमच्याकडे दहा हजारांचा, असं टेबल कुणालाच रुचत नाही.

सगळे पैसे सुट्या कार्डांवर घाला, बूस्टर पाकिटांवर नाही. बाहेरून मागवताना यादी मित्रांसोबत एकत्र करा, कारण स्वस्त कार्डांपेक्षा टपालखर्चच जास्त होतो. महागडं कार्ड संशयास्पद स्वस्त मिळत असेल तर दागिने तपासायच्या भिंगाखाली त्याची मागची बाजू बघा: हिरव्या ठिपक्याच्या आत चार लाल ठिपके रोमन एल अक्षराच्या आकारात दिसायला हवेत. वाकवून तपासू नका. स्लीव्ह 66 × 91 मिलिमीटरच्या; शंभराचं पाकीट बरोबर संपतं, आणि एक फाटली की त्या कार्डाची पाठ ओळखू येते, म्हणून त्याच रंगाचं दुसरं पाकीट जवळ असू द्या. आणि मुंबई-कोकणात राहत असाल तर तेच कार्ड फॉइल नसलेलं घ्या. पावसाळ्यातल्या दमटपणात फॉइल वाकतं, स्लीव्हमध्येही लक्षात येतं, आणि पिसलेल्या डेकमध्ये तुमची अतिमहाग कार्डं कुठे आहेत ते सगळ्या टेबलाला कळतं.