बारा पेरं, बारा काळ

"मॅडम, ग्रामर सगळं पाठ आहे हो. पण बोलायला तोंड उघडलं की टेन्सच आठवत नाही."

हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल! कॉलेजातली मुलगी हेच म्हणते, नोकरीत नुकती बढती मिळालेले गृहस्थ हेच म्हणतात, मुलाच्या शिक्षकांशी बोलायला बिचकणारी आई हेच म्हणते. यातल्या बहुतेकांनी एखादा तरी क्लास केलेला असतो. पुस्तकातल्या गाळलेल्या जागा ते बिनचूक भरतात. आणि तरी चार माणसांत ‘काल मी आलो नाही’ एवढंच इंग्रजीत सांगायचं झालं, तर घशाला कोरड पडते. अशा सगळ्यांसाठी आज एका गृहस्थांची हकीकत सांगते. त्यांना आपण विलासराव म्हणू. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

विलासराव अडतीस वर्षांचे. एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम करता करता सुपरवायझर झालेले. मशीनच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस. बढतीबरोबर दोन गोष्टी आल्या: रोजचा शिफ्ट रिपोर्ट इंग्रजीत लिहायचा आणि आठवड्याच्या मीटिंगमध्ये तो इंग्रजीत सांगायचा. दुसऱ्याच मीटिंगमध्ये ते म्हणाले, "द पार्ट डिडन्ट केम." एका वरिष्ठांनी तेच शब्द त्यांच्या सुरात परत म्हणून दाखवले आणि टेबलाभोवतीची माणसं हसली. त्या दिवसापासून विलासराव मीटिंगमध्ये दोनच शब्द बोलत होते: येस सर. आदल्या रात्री झोप लागत नव्हती. बढती परत करावी का, असं विचारायला ते माझ्याकडे समुपदेशनासाठी आले होते.

सुरुवातीला मी याकडे चारचौघांत बोलण्याची भीती म्हणूनच पाहिलं. त्या दिशेनं दोन-तीन भेटी गेल्या, थोडा फरकही पडला, पण तेवढाच. मग एका भेटीत मी त्यांना म्हटलं, "त्या दिवशी काय झालं ते मला इंग्रजीत सांगा. घाई नाही." आणि मला त्यांचा अंगठा दिसला.

उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. करंगळीच्या तळाला टेकला, वर गेला, मग पुढच्या बोटावर. ओठ किंचित हलत होते. वाक्य काही बाहेर पडेना.

"काय मोजताय?"

ते ओशाळले. "टेन्स मोजतोय मॅडम. चार बोटं, तीन-तीन पेरं, बारा टेन्स. साधा, चालू, पूर्ण, चालू पूर्ण. प्रत्येकाचे वर्तमान, भूत, भविष्य. क्लासमध्ये पाठ करताना मीच शोधून काढलं. कुठला लागतो ते आधी बघतो, मगच बोलतो."

पाठांतरासाठी युक्ती झकास आहे. पण समोरचा माणूस उत्तराची वाट पाहत असताना बारा पेरांची फेरी मारून यायला वेळ कुठून आणायचा? नियम माहीत असणं आणि बोलताना तो हाताशी येणं, यात बरंच अंतर असतं. लिहिताना आपण थांबतो, खोडतो, पुन्हा वाचतो. तिथे नियमांची आठवण कामी येते. बोलताना मनाची सगळी ताकद मोजण्यातच गेली, तर सांगायची गोष्टच हरवते. विलासरावांना इंग्रजी कमी येत होतं असं नाही. प्रत्येक वाक्याआधी ते स्वतःची परीक्षा घेत होते.

मी म्हटलं, "इंग्रजी राहू द्या. काल कामावर काय झालं ते मराठीत सांगा."

त्यांचा चेहराच बदलला. "काल रात्री कंप्रेसर बंद पडला. मी पोचलो तेव्हा प्रेशर उतरत होतं. पण आमच्या पोरानं आधीच व्हॉल्व्ह बंद केला होता. नवीन आहे, पण शिकतोय चांगलं. आता दुसऱ्या कंप्रेसरवर काम चाललंय, उद्या बेल्ट बदलू."

मी ते जसंच्या तसं कागदावर उतरवून घेतलं होतं. कागद त्यांच्यासमोर सरकवला आणि विचारलं, "यात काळ किती?"

त्यांनी बघितलं. बंद पडला. उतरत होतं. केला होता. शिकतोय. बदलू. "पाच तरी आहेत," ते म्हणाले.

"आणि पेरं किती मोजलीत?"

ते स्वतःच्या हाताकडे बघत बसले. हात मांडीवर उघडा पडला होता.

त्या क्षणी खोलीत जी शांतता पसरली, तिच्यासाठीच मी हे काम करते असं मला नेहमी वाटतं. सल्ला देणं सोपं असतं. माणसाकडे जे आधीपासून आहे ते त्यालाच दिसावं, यासाठी मात्र योग्य वेळेची वाट पाहावी लागते.

मग आम्ही त्याच वाक्यांशेजारी इंग्रजी लिहीत गेलो. कंप्रेसर बंद पडला: द कंप्रेसर स्टॉप्ड. प्रेशर उतरत होतं: द प्रेशर वॉज फॉलिंग. आधीच बंद केला होता: ही हॅड ऑलरेडी क्लोज्ड द व्हॉल्व्ह. शिकतोय: ही इज लर्निंग. ‘त होतं’ म्हटलं की वॉज आणि आयएनजी, ‘ला होता’ म्हटलं की हॅड. घडून गेलं, घडत होतं, आधीच घडून गेलं होतं, हे फरक विलासरावांच्या मनात लहानपणापासून पक्के होते. त्यांना फक्त नवा पोशाख चढवायचा होता. मराठीत तर एक जास्तीचा आहे, रीती भूतकाळ. ‘मी लहानपणी पोहायचो’ यातल्या ‘पोहायचो’ला त्या बारा पेरांत जागाच नाही; इंग्रजीला तिथे यूज्ड टु हे वेगळे शब्द घ्यावे लागतात. आणि गंमत म्हणजे बारा हा आकडा शिकवण्याच्या सोयीचा आहे. क्रियापदाचं रूप बदलून दाखवलेले काळ इंग्रजीत दोनच, वर्तमान आणि भूत, असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. भविष्यकाळाचा प्रत्ययच इंग्रजीत नाही. विल, गोइंग टु अशी मदत घेऊन तो दाखवतात. हे ऐकल्यावर विलासराव म्हणाले, "म्हणजे मी एवढी वर्षं दोनाचे बारा करून घाबरत होतो?"

नुसती मराठीवर भिस्त ठेवून मात्र चालत नाही. दोन्ही भाषांच्या वाटा जिथे फुटतात, नेमक्या तिथेच मराठी माणसाच्या चुका होतात. त्या जागा ओळखून ठेवल्या की निम्मी भीती तिथेच संपते.

पहिली जागा विलासरावांना नडलेली. मराठीत आपण ‘पार्ट आला नाही’ म्हणतो. भूतकाळ ‘आला’मध्ये आहे आणि ‘नाही’ शेवटी येऊन बसतं. म्हणून इंग्रजीतही भूतकाळ क्रियापदावरच हवा असं मनाला वाटतं आणि डिडन्ट केम बाहेर पडतं. इंग्रजीत डिड आला की भूतकाळाचं ओझं त्यानं उचललेलं असतं. पुढचं क्रियापद मोकळं होतं. डिडन्ट कम. प्रश्नातही तेच: डिड ही कम? ज्या चुकीला लोक हसले, ती अडाणीपणाची चूक नव्हती. एका भाषेचा नियम दुसऱ्या भाषेत इमानदारीनं पाळला गेला होता.

दुसरी जागा ‘आलोय’ची. ‘मी कालच आलोय’ हे मराठीत अगदी बरोबर. इंग्रजीत हॅव लावलं की काल, परवा, गेल्या वर्षी अशी सरून गेलेली वेळ सोबत चालत नाही. वुई हॅव चेंज्ड द बेअरिंग, म्हणजे बेअरिंग बदललंय, आता मशीन तयार आहे. कधी बदललं ते सांगायचं असेल तर वुई चेंज्ड द बेअरिंग येस्टरडे. तिसरी जागा ‘सकाळपासून’ची. सकाळपासून आवाज येतोय याचं आपण इज कमिंग फ्रॉम मॉर्निंग करतो. आधी सुरू झालेलं आणि अजून चालू असलेलं सांगायला इंग्रजीत हॅज बीन लागतं. सुरुवात कधी झाली ते सांगताना सिन्स, किती वेळ झाला ते सांगताना फॉर. आणि माहीत असणं, हवं असणं, आवडणं, समजणं या मनाच्या स्थितींना इंग्रजी सहसा आयएनजी लावत नाही. आय ॲम नोइंग नाही, आय नो.

बाकी ही, शी, इटपुढचा एस विसरला तर फार मनाला लावून घेऊ नका. करतो, करते, करतोस, करतेस, करतात एवढी रूपं जी जीभ न चुकता सांभाळते, तिला एक एस जड नाही.

व्याकरण असं मार्गी लागत होतं, तरी मीटिंगमधलं मौन सुटेना. एका भेटीत मी त्यांना स्वतःबद्दल इंग्रजीत दोन वाक्यं लिहायला सांगितली. त्यांनी लिहिलं: आय कॅनॉट स्पीक इंग्लिश. आय ऑलवेज मेक मिस्टेक्स.

व्याकरण अचूक होतं. मी विचारलं, "दुसरं वाक्य कुठल्या काळात आहे?"

"साधा वर्तमान."

"तो कशासाठी वापरतात?"

उत्तर पाठच होतं. "रोजच्या सवयी आणि कायमची सत्यं. द सन राइजेस इन द ईस्ट."

"म्हणजे सूर्य पूर्वेला उगवतो, तसं विलासराव चुकतात?"

ते काहीच बोलले नाहीत. बऱ्याच वेळानं त्यांनी पेन उचललं, ऑलवेज खोडलं, मेक खोडलं आणि हळूहळू लिहिलं: आय मेड वन मिस्टेक इन दॅट मीटिंग. मग वरच्या वाक्याकडे बघून म्हणाले, "आणि हे तर खोटंच आहे. आत्ता मी इंग्रजीच लिहितोय."

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडायला घेतली, तिच्यावर माझी श्रद्धा आहे. घटनेपेक्षा त्या घटनेबद्दल आपण मनाशी बोललेली वाक्यं आपल्याला जास्त छळतात, आणि माणसाची कृती म्हणजे तो संपूर्ण माणूस नव्हे, हा तिचा गाभा. पण ही गोष्ट क्रियापदाच्या काळात इतकी उघडपणे दिसेल, असं मला विलासराव भेटेपर्यंत वाटलं नव्हतं. आपण घडून गेलेली एक घटना उचलतो आणि तिला कायमच्या सत्याच्या काळात नेऊन ठेवतो. ‘चुकलो’चं ‘चुकतो’ होतं. तेव्हापासून समोरचा माणूस स्वतःबद्दल बोलू लागला की मी त्याची क्रियापदं लक्ष देऊन ऐकते.

हीच चिंता ज्यांना आहे त्यांना माझं सांगणं असं. बाराही काळ एकदम हाती धरू नका. साधा वर्तमान, चालू वर्तमान, साधा भूतकाळ आणि पुढच्यासाठी विल किंवा गोइंग टु, एवढ्यावर रोजचं बरंचसं बोलणं निभतं. हॅव आणि हॅड मागाहून येऊ देत. रोज रात्री स्वतःच्या दिवसाबद्दल चार वाक्यं आधी मराठीत मोठ्यानं बोला, मग त्यांनाच इंग्रजी करा. पुस्तकातल्या राम-सीतेची वाक्यं नकोत, तुमची हवीत. गो-वेंट-गॉनची लांबलचक यादी घोकण्यापेक्षा आधी सगळ्यात जास्त लागणारी क्रियापदं घ्या: बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक, नो, टेक, कम. ही सगळीच अनियमित आहेत, आणि रोज जिभेवर येतात म्हणूनच त्यांची जुनी रूपं टिकून राहिली. तीही तशीच वापरून बसतील, प्रत्येकाला तुमचं स्वतःचं एक वाक्य द्या.

आणि घरात कोणी शिकत असेल, तर त्याला वाक्याच्या मध्ये अडवू नका. तो आय गोड देअर म्हणाला, तर ओह, यू वेंट देअर, असं सहज म्हणा आणि पुढे बोलू द्या. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ती मुलंही आधी वेंट म्हणतात, मग काही काळ गोड म्हणू लागतात आणि नंतर पुन्हा वेंटवर येतात. मधली ती चूक म्हणजे नियम सापडल्याची खूण असते. १९५८ साली जीन बर्को या संशोधिकेनं लहान मुलांना बनावट शब्द देऊन पाहिले, तेव्हा कधीही न ऐकलेल्या त्या शब्दांनासुद्धा मुलांनी अनेकवचनाचे आणि भूतकाळाचे प्रत्यय लावून दाखवले. मोठेपणी दुसरी भाषा शिकणाराही असाच नियम शोधत असतो. छातीत धडधड, झोप उडणं, कामावर जाणंच टाळणं इथपर्यंत गोष्ट गेली असेल, तर मात्र व्याकरणाचं पुस्तक बाजूला ठेवून आधी कोणाशी तरी बोला.

शेवटच्या भेटीला विलासराव मीटिंगचा वृत्तांत घेऊन आले. सात मिनिटं बोलले होते. एकदा पुन्हा डिडन्ट रिसीव्ह्ड गेलं तोंडून. पुढच्याच वाक्यात त्यांनी डिडन्ट रिसीव्ह म्हटलं आणि बेल्टचा मुद्दा पूर्ण केला.

"आणि अंगठा?" मी विचारलं.

"हातात पेन होतं मॅडम. साहेब काय सांगतायत ते लिहून घेत होतो."