"याचा बाप पण चार वर्षांनीच बोलला"

"मुलगा अडीच वर्षांचा झाला, अजून 'आई'सुद्धा म्हणत नाही. थांबावं की दाखवावं?" हा प्रश्न मला वरचेवर येतो, म्हणून सोन्याची गोष्ट सांगते. (हे त्याचं खरं नाव नव्हे.)

आई आणि आजी त्याला घेऊन आल्या. आजी दारातच म्हणाल्या, "याचा बाप पण चार वर्षांनीच बोलला. ही उगीच जिवाला घोर लावून घेते." आई गप्पच. तिनं पर्समधून बिस्किटाचा पुडा काढून टेबलावर ठेवला.

सोन्याला बिस्कीट हवं होतं. पण त्यानं आईकडे पाहिलं नाही, बोट दाखवलं नाही. तिचं मनगट धरून हात पुड्यावर नेऊन ठेवला.

मी तिथेच ठरवलं, थांबायचं नाही. शब्द थोडे मागेपुढे होतात. पण दीड वर्षाचं मूल 'ते बघ' म्हणून बोट दाखवतं आणि आपण बघतोय ना, हे वळून पाहतं. ते होत नसेल, हाकेला मान वळत नसेल, तर वडिलांचं उदाहरण कामाचं नाही.

आधी कानांची बेरा चाचणी केली. ऐकू नीट येत होतं. पुढे डॉक्टरांनी ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, निदान केलं. स्पीच थेरपी त्याच्या आधीच सुरू केली होती. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात ही तपासणी मोफत होते, अंगणवाडीतूनही तिथे पाठवतात.

निदान झालं त्या संध्याकाळी आईचा फोन आला. "मोबाइल दाखवून भरवायचे मी. त्यानंच झालं का हो?" नाही. आईच्या चुकीनं ऑटिझम होत नाही. हे तिला सांगितलं, आणि मुद्दाम सासूबाईंसमोर पुन्हा सांगितलं. मोबाइल बंद करायला लावला, तो जेवताना कुणीतरी त्याच्याशी बोलावं म्हणून.

घरी करायला एकच गोष्ट दिली. बिस्किटं काचेच्या बरणीत, झाकण घट्ट. तो आला की आपण 'दे' एवढंच म्हणायचं आणि त्याला मागायला वेळ मिळावा म्हणून मनात पाचपर्यंत मोजायचं. मग बरणी उघडायचीच, तो बोलो न बोलो. हे पाच आकडे आजींना फार जड गेले. नातवाला खाण्यासाठी ताटकळत ठेवायचं म्हणजे त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

सात महिन्यांनी, परवा, आजींनीच फोन केला. "आज बरणीकडं बोट केलं, आन् माझ्याकडं बघितलं. शब्द नाही निघाला अजून. पण बघितलं हो."