डेस मॉइन्स, दे म्वान की डमॉइन?

एका वाचक ताईंनी विचारलं आहे : "अमेरिकेत आयोवा राज्याच्या राजधानीत मुलीकडे दोन महिने राहून आले. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी त्या शहरावर लिहिते आहे. पाट्यांवर 'डी-ई-एस, एम-ओ-आय-एन-ई-एस' असं वाचून मी 'डेस मॉइन्स' लिहिलं, तर मुलगी म्हणते चूक. बरोबर काय? नावाचा अर्थ 'साधूंचं' असा आहे का? आणि जुन्या 'फोर्ट डेस मॉइन्स'ला किल्ला म्हणायचं का?"

ताई, मुलीचं बरोबर आहे. नाव मुळात फ्रेंच वळणाचं, त्यामुळे दोन्ही शब्दांतले शेवटचे 'स' लिहायचे, उच्चारायचे नाहीत. फ्रेंच माणूस 'दे म्वान' म्हणेल, पण आयोवात तसं कुणी म्हणत नाही. तिथले लोक म्हणतात 'डमॉइन'. पहिल्या अक्षरातला स्वर म्हणजे आपला साधा 'अ'. इंग्रजीला तो दाखवायला वेगळं अक्षर नाही, आपल्याकडे तो बाराखडीच्या आरंभीच बसलेला आहे. मग 'डे' किंवा 'डी' कशाला? 'डमॉइन' असं जोडून लिहा. शब्दाच्या आरंभीचा 'अ' मराठीत गळत नाही, त्यामुळे वाचणाराही बरोबर वाचेल.

परक्या गावाचं नाव गावकरी म्हणतात तसं लिहावं, या मताचा मी आहे. अपवाद फक्त लंडन-पॅरिससारख्या आपल्याकडे रुळलेल्या नावांचा. आयोवात तर हा नियम पाळावाच लागतो. तिथे मॅड्रिड नावाचं गाव आहे, आणि स्पेनची राजधानी कशीही उच्चारा, या गावाचा आघात 'मॅड'वरच येतो. डमॉइनच्या परिसरातल्या भारतीयांचं हिंदू मंदिर याच मॅड्रिडमध्ये आहे, तेव्हा तुम्ही तिथे जाऊनही आला असाल.

आता अर्थ. फ्रेंचमध्ये 'म्वान' म्हणजे मठवासी, आणि 'दे म्वान' म्हणजे 'मठवासींची'. 'ची' म्हटलं, कारण नाव आधी नदीचं आहे, शहराला ते तिच्यावरून मिळालं. पण हे मठवासी कोण? ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या काही मठवासींकडे बोट दाखवलं जातं. ते १८०९च्या सुमाराला आजच्या सेंट लुइसजवळ काहोकियाच्या प्राचीन टेकाडांपाशी येऊन राहिले. नदीचं नाव मात्र त्याच्या कितीतरी आधीचं आहे, त्यामुळे हे जमत नाही.

मला पटणारी वाट वेगळी आहे. १६७३ साली झाक मार्केत आणि लुई जोलिए हे फ्रेंच प्रवासी होड्यांतून मिसिसिपीवर आले. तेव्हा या भागात राहणाऱ्या एका जमातीचं नाव त्यांच्याकडून 'मोइंग्वेना' असं नोंदलं गेलं. फ्रेंच व्यापारी जमातींची लांब नावं तोडून बोलत. 'मोइंग्वेना'चं 'मोइं' झालं, त्यांची नदी ती 'दे मोइं', आणि कानाला ओळखीचा वाटणारा 'म्वान' त्यावर चढून बसला. याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. मुंबादेवीच्या मुंबईत पोर्तुगिजांची 'चांगली खाडी' शोधणाऱ्यांनी नेमकं हेच केलं.

मोइंग्वेनाचा अर्थ? मायामी-इलिनॉय भाषेचे अभ्यासक मायकल मॅकॅफर्टी यांच्या मते ही शेजारच्या पिओरिया जमातीने हासडलेली शिवी आहे : 'तोंडाला विष्ठा फासलेले'. सगळ्यांना हे मान्य नाही. पण शेजाऱ्याने ठेवलेलं नाव नकाशावर कायमचं बसणं जगभर घडलं आहे, म्हणून मी ते थट्टेवारी नेत नाही. शहरात डमॉइनला येऊन मिळणारी दुसरी नदी रॅकून. तो शब्द दूर व्हर्जिनियातल्या पोव्हाटन भाषेतून इंग्रजीत आलेला. मायामी-इलिनॉय आणि पोव्हाटन दोन्ही अल्गाँकियन कुळातल्या, म्हणजे त्या संगमावर एकाच भाषाकुळातले दोन शब्द भेटतात. लेखात 'संगम'च लिहा, 'कॉन्फ्लुअन्स' नको.

'फोर्ट'ला किल्ला म्हणू नका. किल्ला म्हटलं की मराठी वाचकाला बुरूज आणि तटबंदी दिसते. १८४३ साली कॅप्टन जेम्स ॲलन यांनी संगमावर वसवलं ते लष्करी ठाणं. त्याला ते 'फोर्ट रॅकून' म्हणणार होते, वरून हुकूम आला 'फोर्ट डमॉइन'चा. साक आणि मेस्क्वाकी या मूळ रहिवासी जमातींवर नजर ठेवणं हे त्याचं काम. १८४२च्या करारात त्यांच्या जमिनी गेल्या, १८४५पर्यंत त्यांना हलवायचं ठरलं, आणि १८४६ला ठाणंही उठलं. पुढे मेस्क्वाकींनी १८५७ साली आयोवातच टामा परगण्यात पैसे मोजून जमीन विकत घेतली, ते आजही तिथे आहेत. त्याच १८५७मध्ये राजधानी आयोवा सिटीहून इकडे आली आणि शहराच्या नावातला 'फोर्ट' गळाला. लेखात या दोन गोष्टी शेजारी शेजारी यायला हव्यात असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही विचारलं नाही, पण मराठीची एक सोय सांगतो. नदी 'ती डमॉइन', शहर 'ते डमॉइन'. इंग्रजीला दर वेळी 'रिव्हर' जोडावं लागतं, आपलं काम क्रियापद करतं : 'डमॉइन फुगली' आणि 'डमॉइन वसलं'. जुलै १९९३च्या महापुरात रॅकून शहराच्या पाणीपुरवठा केंद्रात शिरली, आणि सुमारे अडीच लाख लोकांचे नळ कोरडे पडले. दोन्ही नद्या दुथडी भरून वाहत होत्या आणि डमॉइन तहानलं होतं. इथे 'तहानलं'मधला अनुस्वारच शहर कोणतं आणि नदी कोणती ते सांगतो. प्रत्ययही सहज लागतात : डमॉइनला, डमॉइनचा, डमॉइनमध्ये. 'डेस मॉइन्समध्ये' म्हणून पाहा, जीभ अडखळते.

प्रेक्षणीय स्थळांच्या नावांबद्दल थोडं. 'कॅपिटॉल'ला राज्य विधानभवन म्हणा. त्याच्या पाच घुमटांपैकी मधल्यावर खऱ्या सोन्याचा वर्ख आहे, तेव्हा 'सोनेरी' म्हणून थांबू नका. 'स्कल्प्चर पार्क' हे शिल्पोद्यान. कोर्ट ॲव्हेन्यूवरचं शनिवारचं 'फार्मर्स मार्केट' म्हणजे शेतकऱ्यांचा आठवडी बाजार, 'शेतकरी बाजार' हा कार्यालयीन वाटतो. आणि ऑगस्टमधल्या राज्य जत्रेत १९११पासून मांडतात ती 'बटर काऊ'? सांगाड्यावर सुमारे पावणेतीनशे किलो लोणी थापून घडवलेली खऱ्या आकाराची गाय. तिला लोण्याची गायच म्हणा. लोण्याचे गोळे पाहत वाढलेल्या वाचकाला ते लगेच कळेल.