चौथ्या दिवशी शस्त्रक्रिया कशासाठी?

आपण विचारले आहे की, गॅसच्या भडक्यात सुमारे 35 टक्के भाजलेल्या आपल्या 28 वर्षांच्या धाकट्या भावाची मृत त्वचा डॉक्टर चौथ्या दिवशीच शस्त्रक्रियेने काढणार आहेत, तर घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे की खपली आपोआप पडू द्यावी. यात खरे कोणाचे मानावे? जळीत रुग्णांना भूल देण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे. धुराने श्वासमार्गाला इजा झालेली नसेल आणि रक्तदाब स्थिर असेल, तर माझा कौल डॉक्टरांच्या बाजूने आहे.

वडीलधाऱ्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही, कारण 1960च्या दशकापर्यंत सर्वत्र हीच रीत होती. खोलवर भाजलेली त्वचा जंतूंमुळे कुजून सुटायला दोन-तीन आठवडे लागत, खाली लाल दाणेदार मांस भरून आले की मगच त्वचारोपण होई. या काळात मृत थर जंतूंना आयते खाद्य पुरवी, संसर्ग रक्तात उतरे आणि सततच्या दाहामुळे रुग्णाचे स्नायू झडत जात.

हा क्रम बदलला तो मारिबोर या आजच्या स्लोव्हेनियातील शहरात. तेथील शल्यचिकित्सक झोरा यांझेकोविच यांनी भाजल्यानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास मृत त्वचेचे पातळ काप एकावर एक काढत जायचे आणि त्याच वेळी रुग्णाचीच निरोगी त्वचा तेथे लावायची, अशी पद्धत रूढ केली. त्यांचा गाजलेला लेख 1970 सालचा आहे. किती खोल जायचे, याची खूण साधी आहे. मृत थर पांढुरका, निस्तेज दिसतो आणि त्यातून रक्त येत नाही. सुरी जिवंत थराला लागली की पृष्ठभागावर रक्ताचे बारीक ठिपके उमटतात आणि तेथेच थांबायचे.

याचा फायदा मोजलेला आहे. अमेरिकेत हर्नडन आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत, श्वासमार्गाला इजा नसलेल्या 17 ते 30 वयोगटातील गंभीर रुग्णांचा मृत्युदर लवकर शस्त्रक्रिया केल्यावर 45 टक्क्यांवरून 9 टक्क्यांवर आला. मात्र तिशीपुढच्या रुग्णांत किंवा श्वासमार्ग भाजलेल्यांत असा फरक दिसला नाही, आणि ही दुसरी बाजू नातेवाइकांना सहसा कोणी सांगत नाही. शिवाय या शस्त्रक्रियेत रक्तस्राव बराच होतो. म्हणून किती पिशव्या रक्ताची तयारी आहे आणि सगळे एकाच वेळी करणार की टप्प्याटप्प्याने, हे शस्त्रक्रियेआधी अवश्य विचारावे.

दुसरी अडचण त्वचेची. 35 टक्के झाकायला भावाच्या मांडीची आणि पाठीची त्वचा एका फेरीत पुरेल असे नाही. अशा वेळी मृत दात्याची त्वचा तात्पुरते आवरण म्हणून लावतात. शरीर ती काही आठवड्यांत झिडकारते, पण तोवर पाणी, प्रथिने आणि उष्णता यांचा ऱ्हास रोखला जातो. मुंबईच्या सायन रुग्णालयात 2000 साली अशी स्किन बँक सुरू झाली. दात्याची त्वचा मृत्यूनंतर सहा तासांच्या आत घ्यावी लागते, रक्तगट जुळावा लागत नाही, आणि ग्लिसरॉलमध्ये ती दीर्घकाळ टिकते. आपल्या रुग्णालयाला ती कोठून मिळू शकेल, याची चौकशी आजच करावी.

लवकर झाकलेल्या जखमेचे व्रणही सहसा कमी जाड राहतात, कारण बरी व्हायला तीन आठवड्यांहून अधिक काळ घेणारी जखम उंचवटेदार, खाजरे व्रण मागे ठेवण्याची शक्यता फार असते. तरीही सांधे आखडण्याचा धोका संपत नाही. गळ्याला भाजले असेल तर भावाच्या डोक्याखाली उशी देऊ नये, मान थोडी मागे राहील असे निजवावे. कोपर सरळ आणि काख उघडी ठेवण्यासाठी स्प्लिंट, म्हणजे आधाराच्या ताठ पट्ट्या, मिळतात. त्याला आराम वाटेल अशी स्थिती बहुधा आखडणारीच असते, म्हणून फिजिओथेरपिस्टला पहिल्या आठवड्यातच बोलवावे. पुढे प्रेशर गारमेंट, म्हणजे व्रण दाबून ठेवणारा घट्ट कपडा, दिवसरात्र घालावे लागेल, आणि त्याचा कंटाळा फार येतो, हेही त्याला आधीच सांगून ठेवा.